मोजले ते लोखंड, न मोजली ती वेल

पावसाळा स्थिरावला की विज्ञानवार्तांच्या प्रवाहात एक ठरावीक बातमी हमखास तरंगत येते. अमुक जंगलात 'अतिदुर्मिळ' वेल फुलली, तिचे फूल ज्वाळेसारखे दिसते, ती अनेक असाध्य व्याधींवर रामबाण आहे आणि आपल्या प्राचीन ग्रंथांनी तिचे माहात्म्य केव्हाच ओळखले होते, असा तिचा मजकूर. सोबत लालपिवळ्या फुलाचे छायाचित्र. लोक ती बातमी भराभर पुढे पाठवतात. भाद्रपद सरतो, वेल वाळते, बातमीही वाळते. आणि पुढच्या वर्षी तीच बातमी दुसऱ्या जिल्ह्याचे नाव लावून पुन्हा उगवते.

ही वेल बहुतेक वेळा कळलावी असते. छत्तीसगडात तिला कलिहारी म्हणतात. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. बातमीतले तीन शब्द मात्र कधी बदलत नाहीत: दुर्मिळ, रामबाण, प्राचीन. वरवर पाहता हे तीनही शब्द वेलीचा गौरव करतात. प्रत्यक्षात प्रत्येक शब्द एकेका आकड्याला बगल देतो. दुर्मिळ म्हटले की 'किती उरल्या?' हे विचारावे लागत नाही. रामबाण म्हटले की 'किती मात्रेत, कोणत्या पुराव्यावर?' हा प्रश्न मिटतो. प्राचीन म्हटले की 'या ज्ञानाचा मोबदला आज कोणाला मिळतो?' हे विचारणे असभ्यपणाचे ठरते. विज्ञानवार्ता या नावाखाली मोजमाप टाळण्याची ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यावर कठोरपणे बोलणे आवश्यक झाले आहे.

आणि ते बोलण्यासाठी भिलाईइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. कारण या गावाला मोजणे शिकवावे लागत नाही.

आधी वेलीची ओळख नीट करून घेणे न्यायाचे होईल. कारण बातम्यांतील अतिशयोक्तीपेक्षा ती खरोखरच अधिक विलक्षण आहे.

तिच्या नावातच दोन भाषिक अर्थ एकमेकांना बिलगून आहेत. मराठीत कळ म्हणजे वेदना. 'कळ लावणे' म्हणजे भांडण पेटवणे. कंदाचा उपयोग प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी केला जाई, म्हणून ती कळलावी, असे एक सांगणे. दारात लावली तर घरात तंटे होतात, म्हणून कळलावी, ही दुसरी समजूत. संस्कृतातही हीच दुविधा आहे: 'गर्भपातिनी' हे नाव पहिल्या अर्थाकडे झुकते, 'कलिकारी' दुसऱ्याकडे. 'अग्निशिखा' हे नाव फुलावरून आले आणि 'लांगली' हे नांगरासारख्या दुबेळक्या कंदावरून. लिनियसने १७५३ साली तिला दिलेल्या लॅटिन नावात नुसते वैभव आहे; देशी नावांत औषध, विष, आकार आणि इशारा हे सारे आहे.

कळलावीला वर चढायला वेगळा तणावा लागत नाही. तिच्या पानाचेच टोक लांबत जाऊन गुंडाळीसारखे वळते आणि स्पर्श झालेल्या काडीला विळखा घालते. फूल उमलताना हिरवट असते. मग पिवळे होते, नारिंगी होते आणि शेवटी किरमिजी. सहा पाकळ्या मागे उलटतात, त्यांच्या कडा लाटांसारख्या मुडपलेल्या असतात. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात आणि स्त्रीकेसराची दांडी बुडाशीच जवळजवळ काटकोनात वळून एका बाजूला जाते. ही रचना शोभेसाठी नाही. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की तेथे मध प्यायला येणाऱ्या फुलपाखरांच्या पंखांवर या फुलाचे पराग चिकटतात आणि दुसऱ्या फुलाच्या बाजूला झुकलेल्या कुक्षीवर पुसले जातात. फूल खाली झुकलेले असणे, पाकळ्या उलटणे, दांडीचे वळणे, हे सारे त्या पंखाच्या फडफडीच्या मापाने जुळलेले आहे.

जमिनीखालची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिल्या पावसानंतर वेल कंदातून वर येते, चार महिन्यांत वाढून, फुलून, बी धरून सुकते आणि उरलेले वर्ष कंदाच्या रूपाने झोपून काढते. जुना कंद दरवर्षी झिजतो आणि त्याच्या जागी नवा दुबेळका कंद तयार होतो. पुढच्या वर्षीचा कोंब त्या दोन टोकांवरच असतो. कंद उपटणे म्हणजे फळ तोडणे नव्हे. वेलीचे पुढचे वर्ष तोडणे होय. बियांपासून ती वाढते, पण सावकाश. बी कठीण कवचाचे, रुजायला महिने घेणारे. आणि बियांतून आलेल्या रोपाला फूल धरण्याइतका कंद पोसायला काही वर्षे लागतात.

आणि मग तिचे विष. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे अल्कलॉइड असते. १८२० साली पेलेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनज्ञांनी ते प्रथम युरोपातील कोल्चिकम या वनस्पतीतून वेगळे केले. आपल्या पेशींमध्ये ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या जोड्या एकमेकींना जुळून सूक्ष्म नळ्या तयार होतात. गुणसूत्रे ओढून वेगळी करणे, पेशीचा आकार राखणे, पेशीने सरकणे, ही कामे या नळ्यांवर चालतात. नळीत बसण्यासाठी ट्यूब्युलिनच्या जोडीला सरळ व्हावे लागते. कोल्चिसिन तिच्या सांध्यात पाचरीसारखे बसते आणि तिला वाकलेलीच ठेवते. वाकलेली वीट भिंतीत बसत नाही. नळी वाढायची थांबते. याच एका यांत्रिक अडवणुकीतून औषध आणि विष दोन्ही निघतात. सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावली तर संधिवातासारख्या दुखण्यात आराम पडतो. मात्रा वाढली तर आतड्याचे अस्तर आणि अस्थिमज्जा, म्हणजे शरीरातील सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशी, आधी कोसळतात. १९३७ साली ब्लेकस्ली आणि अ‍ॅव्हरी यांनी याच गुणाचा वापर करून वनस्पतींमधील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून दाखवली. बिनबियांच्या कलिंगडाचा मार्ग तेथूनच निघाला.

एवढी समृद्ध गोष्ट हाताशी असताना 'दुर्मिळ, रामबाण, प्राचीन' एवढ्यावर भागवणे हा वाचकाचाही अपमान आहे आणि वेलीचाही.

पहिला शब्द: दुर्मिळ.

आंतरराष्ट्रीय लाल यादीत कळलावीची नोंद 'किमान चिंता' या वर्गात आहे. कारण स्पष्ट आहे: तिचा पसारा आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंत आहे. मग बातमी खोटी म्हणायची का? तसेही नाही. गोंदिया-गडचिरोलीपासून बालोद-कांकेरपर्यंतच्या कुठल्याही गावातील जाणत्या माणसाला विचारावे. अमुक टेकडीवर पूर्वी खूप होती, आता शोधावी लागते, असे उत्तर मिळण्याची शक्यताच अधिक. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात, कारण दुर्मिळता हा जातीच्या अंगचा एखादा रंग नाही. ती एक राशी आहे; तिला जागा, क्षेत्रफळ आणि वर्ष लागते. अमुक हेक्टरात १९९५ साली किती, २०२५ साली किती? या दोन आकड्यांविना 'दुर्मिळ' हे विशेषण वजनाविना किलोसारखे आहे.

हे आकडे का नाहीत? कारण ते ठेवण्याची व्यवस्थाच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय वनस्थिती अहवालात वन आणि वृक्षाच्छादनातील वाढीत छत्तीसगड देशात पहिला आला: ६८४ चौरस किलोमीटर. ही बातमी सर्वत्र झळकली. पण त्या अहवालातील 'वनाच्छादन' म्हणजे एक हेक्टर किंवा अधिक क्षेत्र आणि दहा टक्के किंवा अधिक झाडोऱ्याची सावली. मग ती सालाची असो, निलगिरीची असो वा आंब्याच्या बागेची. उपग्रहाच्या डोळ्याला सावली दिसते. सावलीखाली चार महिने जगणारी वेल दिसत नाही. जंगलाची जमीन खाणीला दिली जाते तेव्हा झाडे त्यांच्या घेराप्रमाणे मोजली जातात, जमिनीचे मूल्य वनप्रकार आणि घनतेप्रमाणे हेक्टरी ठरते. वेलींसाठी त्या तक्त्यात रकाना नाही. जुन्या वनशास्त्रात तर वेली तोडणे हे जंगल निगुतीने राखण्याचे एक नेमाचे काम मानले जाई. ज्या व्यवस्थेने वेलीला लाकडाचा शत्रू म्हणून ओळखले, तिच्या वहीत वेलीची शिरगणती कोठून असणार?

आता भिलाई पाहावी. नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दुर्ग आणि रायपूर यांच्या मध्ये हे शहर वसले ते मोजमापावरच. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला; ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या डोंगरातून येणारे खनिज टनांत मोजले जाते, त्यातील लोहाचे प्रमाण टक्क्यांत मोजले जाते, भट्टीचे तापमान अंशांत, रुळाची जाडी मिलिमीटरांत. भारतीय रेल्वेचे लांबलचक रूळ याच अचूकतेतून तयार होतात. नागपुरात मुख्यालय असलेला भारतीय खाण ब्यूरो खनिजाच्या प्रतवारीप्रमाणे सरासरी विक्रीमूल्य जाहीर करतो, त्यावर स्वामित्वधन ठरते. लोहखनिजासाठी ते १५ टक्के आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के (लिलावाने दिलेल्या नव्या पट्ट्यांसाठी १० टक्के) एवढी अतिरिक्त रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा करावी लागते. खाणीने बाधित झालेल्या लोकांसाठी. हा पैसा नीट खर्च होतो की नाही हा वेगळा आणि जळजळीत विषय आहे. पण निदान तो मोजला जातो. म्हणून त्याच्या गैरवापरावर बोट ठेवता येते.

त्याच डोंगराच्या उतारावरून एखादा माणूस पोतेभर कळलावीचे कंद घेऊन उतरला तर काय मोजले जाते? व्यापाऱ्याच्या काट्यावरचे किलो, बस्स. किती वेली उपटल्या, किती उरल्या, पुढे ते पोते कोणत्या कारखान्यात गेले आणि तेथून किती रुपयांचे होऊन बाहेर पडले, याचा माग गावाच्या हाती राहत नाही. दल्लीचे खनिज संपत आले म्हणून संयंत्राने रावघाटकडे मोर्चा वळवला. खनिज किती उरले हे ठाऊक होते, म्हणूनच ते नियोजन झाले. वेल किती उरली हे ठाऊक नाही, म्हणून तिच्यासाठी नियोजन नाही. फक्त बातमी आहे.

दुसरा शब्द: रामबाण.

येथे बातमी नुसती पोकळ नसते, धोकादायक असते. कळलावीचा कंद रताळ्यासारखा किंवा कणगरासारखा समजून खाल्ल्याने माणसे दगावल्याच्या नोंदी, विशेषतः श्रीलंकेतून, वैद्यकीय साहित्यात आहेत. कोल्चिसिनच्या विषबाधेवर हमखास उपलब्ध असा उतारा नाही. पहिल्या दिवशी उलट्या-जुलाब, नंतर रक्तपेशींचा ऱ्हास, वाचलेल्यांमध्ये केस गळणे, असा तिचा क्रम असतो. आयुर्वेदाने तिला उपविषांत गणले आहे. भारतीय औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही लांगली आहे. म्हणजे ज्या परंपरेचा हवाला देऊन बातमी 'रामबाण' म्हणते, ती परंपरा स्वतः तिला विष म्हणते. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरा निदान वाचावी.

खरे औषधविज्ञान बातमीपेक्षा किती संयत असते हेही पाहावे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन द्यावे का, याची चाचणी ४,७४५ रुग्णांवर झाली. २०१९ साली निष्कर्ष आला की हृदयरोगाच्या पुढील घटना ७.१ टक्क्यांवरून ५.५ टक्क्यांवर आल्या. २०२० साली ५,५२२ जुन्या हृदयरुग्णांवरील चाचणीत त्या ९.६ वरून ६.८ टक्क्यांवर आल्या. २०२३ साली अमेरिकेच्या औषध नियामकाने या उपयोगाला मान्यता दिली. आणि २०२४ साली ७,०६२ रुग्णांवरील आणखी मोठ्या चाचणीत फरक जवळजवळ दिसलाच नाही: ९.१ विरुद्ध ९.३ टक्के. विज्ञान असे चालते. दोन पावले पुढे, एक पाऊल थबकून. हजारो माणसांवर वर्षानुवर्षे मोजूनही ज्याविषयी तज्ज्ञ 'काही रुग्णांमध्ये, अल्प मात्रेत, कदाचित' असे बोलतात, त्याविषयी फुलाचे छायाचित्र पाहून 'रामबाण' लिहिणारा वार्ताहर हे धाडस कोठून आणतो?

या शब्दाचा आणखी एक परिणाम होतो आणि तो थेट वेलीच्या मुळाशी जातो. 'अमुक टेकडीवर रामबाण वेल सापडली' ही बातमी म्हणजे फावडेवाल्यांसाठी नकाशा. दुर्मिळतेची हळहळ आणि उपसण्याचे आमंत्रण एकाच परिच्छेदात छापले जाते. वेल 'वाचवा' म्हणणारी बातमीच तिचा पत्ता देते.

तिसरा शब्द: प्राचीन. हा शब्द सर्वांत गोड आहे आणि म्हणूनच सर्वांत महाग पडतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने एक साधे तत्त्व मान्य केले: रानातल्या संपदेवर आणि तिच्या ज्ञानावर जो धंदा करतो, त्याने ते जपणाऱ्या लोकांना वाटा द्यावा. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात निर्वाळा दिला की हे बंधन भारतीय कंपन्यांनाही लागू आहे. त्यानंतर काय झाले? २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली. ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान, लागवडीखालील औषधी वनस्पती आणि नोंदणीकृत आयुष चिकित्सक यांना वाट्याच्या बंधनातून मोकळे केले गेले. तुरुंगवासाच्या शिक्षा जाऊन आर्थिक दंड आले. २०२५ च्या नव्या विनियमांनी पाच कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्यांना सूट दिली आणि त्यावरच्यांसाठी ०.२ ते ०.६ टक्के दर ठरवला. लोहखनिजाच्या १५ टक्क्यांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा. दोन्ही एकाच पायावर मोजलेले नाहीत, हे खरे. पण राज्यव्यवस्था डोंगराच्या कोणत्या पदार्थाला किती गंभीरपणे घेते, हे त्यावरून लपत नाही.

'ग्रंथबद्ध ज्ञान' ही सूट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. लांगली ग्रंथात आहे. म्हणजे तिच्यावरचे औषध बनवणाऱ्याला मोकळीक. पण ती वेल कोणत्या उतारावर, कोणत्या नक्षत्रात उगवते, कोणता कंद काढावा आणि कोणता पुढच्या वर्षासाठी ठेवावा, हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नाही; ते गोंड, हलबा, कमार माणसांच्या चालण्या-फिरण्यात आहे. ग्रंथात उतरले ते सर्वांचे आणि पायांत राहिले ते कुणाचेच नाही, असा हा न्याय आहे. प्रत्येक वेळी बातमी 'प्राचीन ग्रंथांनी ओळखले होते' असे लिहिते तेव्हा ती, नकळत का होईना, या सुटीची जाहिरात करते.

'लागवडीखालील' या शब्दातही एक चोरवाट आहे. तमिळनाडूत कळलावीची शेती होते. बियांत कोल्चिसिन कंदापेक्षा सहसा जास्त असते आणि औषध उद्योगाला बीच हवे असते. ही चांगली गोष्ट आहे, कारण बी घेतल्याने वेल मरत नाही. पण या शेतीसाठी लागणारे बेणे, म्हणजे कंद, बऱ्याच अंशी रानांतूनच उपसले जात आले आहे. रानातून निघालेला कंद एकदा वाफ्यात गेला की त्याची सारी संतती 'लागवडीची' ठरते आणि रानाचा हिशेब तेथेच बंद होतो.

आणि आता तर कंदाचीही गरज उरणार नाही. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी कळलावीच्याच पेशींतील जनुकांचा माग काढून कोल्चिसिनच्या घडणीतील आठ नवी जनुके शोधली आणि एकूण सोळा विकरांची साखळी तंबाखूच्या एका भाऊबंद वनस्पतीत बसवून कोल्चिसिनच्या अगदी आधीचा रेणू तयार करून दाखवला. वैज्ञानिकदृष्ट्या हे काम थक्क करणारे आहे. पण याचा अर्थ असा की उद्या वेलीची सारी किंमत एका अक्षरमालेत सामावेल आणि ती अक्षरमाला संगणकाच्या तारेतून जाईल. दल्लीचे खनिज मालगाडीत भरावे लागते, म्हणून ते मोजता येते. जनुकाचा अनुक्रम कोणत्या नाक्यावर तोलणार? या प्रश्नावर जगाने दिलेले उत्तर म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झालेला 'काली निधी': अशा अनुक्रमांवर कमावणाऱ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उत्पन्नाचा ०.१ टक्का द्यावा. पण देणे ऐच्छिक आहे. देशातल्या विज्ञानवार्तांत या निधीला किती जागा मिळाली आणि ज्वाळेसारख्या फुलाला किती, याची तुलना प्रत्येकाने स्वतःच करावी.

या टीकेवर काही आक्षेप येतील. त्यांचा विचार टाळणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप: 'आश्चर्य नसेल तर सामान्य वाचक निसर्गाकडे वळणारच नाही.' मान्य. पण पंखांना पराग पुसणारे फूल आणि सांध्यात पाचर ठोकणारा रेणू यांपेक्षा मोठे आश्चर्य 'रामबाण' या शब्दात आहे काय? हरकत आश्चर्याला नाही, आश्चर्याच्या आळसाला आहे.

दुसरा आक्षेप: 'लहान वैद्य आणि छोटे उद्योजक कागदपत्रांखाली चिरडले जात होते, सूट आवश्यकच होती.' गावातल्या वैदूला सूट हवीच. मूळ कायद्यातही स्थानिक लोक आणि वैदू यांना मुभा होती. प्रश्न त्याच्या नावाखाली कोण निसटते हा आहे. गरिबाच्या पडवीतून श्रीमंताची मालगाडी काढणे ही जुनीच युक्ती आहे.

तिसरा आक्षेप: 'जाहीर मोजणी केली तर चोरांना पत्ता मिळेल.' हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तरही आहे. संख्या जाहीर करावी, जागा नाही. हेक्टरी किती, गेल्या वर्षीपेक्षा किती कमी, एवढे सांगायला टेकडीचे नाव लागत नाही. आजची बातमी नेमके उलटे करते: जागा सांगते, संख्या सांगत नाही.

मग करावे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने औषधी वनस्पती, मुळे आणि कंद यांना गौण वनोपज मानून त्यांवर वनवासींचा मालकीहक्क मान्य केला आहे. जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मुदत घालून दिल्यानंतर देशभरात अडीच लाखांहून अधिक नोंदवह्या तयार झाल्या. पण एका मुदतीच्या धाकाने भरलेल्या वह्यांत नावे असतात, संख्या नसतात. 'कलिहारी: आढळते' ही नोंद बातमीतल्या 'दुर्मिळ'चीच सरकारी बहीण होय. त्या वहीत एक रकाना वाढवावा: दहा बाय दहा मीटरच्या ठरलेल्या चौकोनांत दर श्रावणात किती वेली, किती फुले, किती पक्व शेंगा. याला उपग्रह लागत नाही, कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. सुतळी, चार खुंट्या, वही आणि चिकाटी पुरते.

आणि हे काम शिकवायला भिलाईसारखे शहर हवे. पोलादाच्या संयंत्राभोवती वाढलेल्या या वस्तीतील घरांमध्ये मोजण्याची शिस्त पिढ्यांपासून आहे. २०१६ साली सुरू झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आता तेथे आहे. बालोद-कांकेरच्या गावांतील समित्यांना या शहरातील शाळा-महाविद्यालये जोडली, दरवर्षी तेच चौकोन त्याच मुलांनी आणि गावातल्या जाणत्यांनी मिळून मोजले, आणि आकड्यांची मालकी ग्रामसभेकडे राहिली, तर पाच वर्षांत कळलावीविषयी आज देशात नसलेली गोष्ट तयार होईल: एक आलेख. त्या आलेखाच्या बळावर ग्रामसभा सांगू शकेल की यंदा कंद नाही, फक्त बी. आणि बी घेणाऱ्याने अमुक भाव द्यावा.

तोवर वाचकाच्या हातीही काही आहे. पुढच्या पावसाळ्यात ज्वाळेसारख्या फुलाची बातमी पुढे पाठवण्याआधी तिला तीन प्रश्न विचारावेत. किती वेली मोजल्या आणि केव्हा? औषध म्हणता, तर मात्रा आणि चाचणी कोणती, आणि विषाचा इशारा कोठे आहे? परंपरेचा गौरव करता, तर ती जपणाऱ्या गावाला गेल्या वर्षी किती रुपये मिळाले? तीनपैकी एकाचेही उत्तर नसेल तर बातमी पुढे न पाठवता त्याच प्रश्नांसह ती जिथून आली तिथेच परत पाठवावी.